मेंटॉरचं गारफील्ड घर: बघायचं ते लुक्रीशियाबाईंचं घर म्हणून

मुलं क्लीव्हलंडच्या आसपास नोकरीला आणि आपण उन्हाळाभर त्यांच्याकडे, असे माझ्यासारखे पुष्कळ आईवडील आहेत. हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिते आहे. नायगारा मुलं दाखवतातच. एरी सरोवराचा किनारा, देऊळ, मॉल हेही होऊन जातं. त्यातून एक सकाळ मेंटॉर गावासाठी राखून ठेवा. क्लीव्हलंडच्या पूर्वेला गाडीने तास-पाऊण तासाच्या आत, मेंटॉर अव्हेन्यू या हमरस्त्यालाच जेम्स गारफील्डचं घर आहे. नॅशनल पार्क सर्व्हिस ते सांभाळते. माझ्याकडून पाचपैकी पाच तारे, आणि हे तारे मी विचार करून देते आहे.

गारफील्ड हा अमेरिकेचा विसावा अध्यक्ष. ४ मार्च १८८१ ला शपथ घेतली, २ जुलैला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि १९ सप्टेंबरला तो गेला. बहुतेक अमेरिकन माणसालाही याच्यापलीकडे काही आठवत नाही. मला त्याचं नाव ठाऊक होतं ते गणितामुळे. साताऱ्यात शाळेत गणित शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि पायथागोरसच्या प्रमेयाची गारफील्डची सिद्धता मी दरवर्षी वर्गात फळ्यावर काढत असे. पण या घरात गेल्यावर गणित आणि राजकारण दोन्ही मागे पडतात. समोर येतो तो एका सैनिकाचा संसार. माझे वडील फौजेत होते. माणूस रजेवर येणार म्हणून घर कसं वाट बघतं, पत्रं कुठे ठेवली जातात आणि पेन्शनीवर घर कसं चालतं, हे मी लहानपणापासून बघितलेलं आहे. त्यामुळे मला हे घर लगेच कळलं.

आधी व्यवस्थेबद्दल. गाडी लावून थेट घराच्या पायऱ्या चढायला जाऊ नका. मागच्या बाजूला जुन्या गाडीखान्यात स्वागत केंद्र आहे. तिथे छोटी चित्रफीत आणि प्रदर्शन आहे, ते आधी सावकाश बघा. नंतर मार्गदर्शक ठरावीक लोकांचा गट करून घरातून फिरवतात. घर आपलं आपण हिंडून बघायचं नाही, ते सोबत असतात, आणि मला ते फार बरं वाटलं. कारण इथली एकेक वस्तू कुणाची, हे कळल्याशिवाय तिला अर्थच येत नाही. घरातलं बहुतेक सामान याच कुटुंबाचं आहे. बाजारातून त्या काळचं म्हणून आणून मांडलेलं नाही.

इंग्रजीची काळजी वाटत असेल तर एक युक्ती सांगते. जाण्याच्या आदल्या दिवशी कागदावर या घराची वंशावळ काढा. मी तशी काढून पर्समध्ये ठेवली होती. सर्वांत वर गारफील्डची आई एलायझा. खाली जेम्स आणि त्याची बायको लुक्रीशिया. त्यांच्याखाली सात मुलं: एलायझा, जिला घरात ट्रॉट म्हणत, हॅरी, जेम्स, मेरी म्हणजे मॉली, अर्व्हिन, एब्रम आणि एडवर्ड म्हणजे नेडी. ट्रॉट आणि नेडीच्या नावाखाली रेघ मारा, कारण ती दोघं लहानपणीच गेली. एवढी नावं तोंडात बसली की मार्गदर्शकाच्या बोलण्यातले चार शब्द सुटले तरी काही अडत नाही. मुलांना शेजारी उभं करून भाषांतर करायला लावू नका. त्यांचंही बघणं राहून जातं.

आता या माणसाबद्दल. ओहायोतल्याच ऑरेंज गावात १९ नोव्हेंबर १८३१ ला, लाकडाच्या ओंडक्यांच्या झोपडीत त्याचा जन्म. दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वडील गेले. एलायझाने चार मुलं आणि थोडीशी शेती एकटीने सांभाळली. सोळाव्या वर्षी पोरगा कालव्यावरच्या नावा ओढणारी खेचरं हाकायला गेला, तापाने फणफणून घरी परतला, आणि मग आईने त्याला शिकायला लावलं. हायरम गावच्या शाळेत झाडलोट आणि सुतारकाम करून फी भागवली, पुढे तिथेच शिकवायला लागला आणि तिशीच्या आत तिथला मुख्याध्यापक झाला. लुक्रीशिया रुडॉल्फ त्याच शाळेतली. तिचे वडील संस्थेच्या स्थापनेपासूनचे विश्वस्त. तीही शिक्षिका. ११ नोव्हेंबर १८५८ ला लग्न झालं.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि मास्तर फौजेत गेले. ४२ व्या ओहायो पायदळाचा कर्नल म्हणून गारफील्डने पलटण उभी केली ती आपल्याच गावाच्या आणि शाळेच्या जिवावर. पहिली तुकडी जवळजवळ हायरमच्या विद्यार्थ्यांचीच होती. या ठिकाणी मी जरा वेळ थांबले. वर्गात ज्यांची हजेरी घेतली त्याच पोरांना घेऊन लढाईवर जायचं, आणि परत आल्यावर त्यांच्या आयांना तोंड द्यायचं, हे शिक्षकाच्या काळजाला कसं झेपलं असेल? १० जानेवारी १८६२ ला केंटकीत मिडल क्रीकची लढाई झाली. लढाई छोटीच, पण विजयामुळे तो ब्रिगेडियर जनरल झाला. एप्रिलमध्ये शायलोच्या लढाईला दुसऱ्या दिवशी पोचला. पुढे जनरल रोझक्रान्सचा चीफ ऑफ स्टाफ. सप्टेंबर १८६३ च्या चिकमॉगाच्या लढाईत सेनापती मागे हटला, पण जनरल थॉमस अजून पाय रोवून उभा होता. गारफील्ड घोड्यावरून गोळीबारातून त्याच्यापर्यंत गेला. त्याबद्दल त्याला मेजर जनरल केलं. चिकमॉगाची लढाई सुरू झाली ती १९ सप्टेंबरला, आणि अठरा वर्षांनी त्याच तारखेला त्याचा प्राण गेला.

युद्धाची ही बाजू प्रदर्शनात व्यवस्थित आहे. पण माझं लक्ष घरी राहिलेल्या बाईकडे होतं. लग्नानंतरच्या पावणेपाच वर्षांत आपण एकत्र राहिलो ते जेमतेम वीस आठवडे, हा हिशेब लुक्रीशियाने स्वतः मांडून नवऱ्यासमोर ठेवला. फौजींच्या बायका असा हिशेब मनात ठेवतात. हिने तो बोलून दाखवला. आधीच लग्न थंड सुरू झालेलं, त्यात दूर राहणं. त्याचं मन एकदा दुसरीकडे गेलंही. त्याने ते कबूल केलं आणि तिने पदरात घेतलं. १८६३ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीन वर्षांची ट्रॉट घटसर्पाने गेली. हॅरी तेव्हा दोन महिन्यांचा होता, आणि त्याच आठवड्यात बापाला काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, सदस्य म्हणून वॉशिंग्टनला हजर व्हायचं होतं. तो गेला. तिने वीस आठवड्यांचा हिशेब मांडला त्यानंतर मात्र कुटुंबाने वेगळं राहायचं नाही असं ठरलं. १८६९ मध्ये वॉशिंग्टनला स्वतःचं घर बांधलं आणि अधिवेशनाला सगळं बिऱ्हाड बरोबर जाऊ लागलं. एका मुलाचं नाव अर्व्हिन मॅकडॉवेल ठेवलं ते एका जनरलच्या नावावरून. बुल रनच्या लढाईत हरलेला म्हणून ज्याला लोक नावं ठेवत, तो गारफील्डचा मित्र होता. हरलेल्या मित्राचं नाव मुलाला द्यायला मन मोठं लागतं, असं मला वाटतं.

मेंटॉरची ही शेती त्यांनी १८७६ च्या शरद ऋतूत घेतली. मुलांना मातीत हात घालून काम करता यावं, ही इच्छा. त्याच ऑक्टोबरमध्ये दोन वर्षांचाही न झालेला नेडी डांग्या खोकल्याने गेला. त्याला हायरमला ट्रॉटशेजारी ठेवलं. घर मुळात नऊ खोल्यांचं, दीड मजल्याचं. माणसं मावेनात म्हणून १८८० मध्ये ते वाढवलं आणि पुढे लांबरुंद ओसरी काढली.

या ओसरीवर जरूर उभे राहा. १८८० च्या जूनमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात पस्तीस वेळा मतदान होऊनही अध्यक्षपदाचा उमेदवार ठरेना, आणि छत्तिसाव्या वेळी, जो मुळात उमेदवारच नव्हता त्या गारफील्डचं नाव पक्कं झालं. उमेदवाराने गावोगाव मतं मागत फिरणं त्या काळी शिष्टसंमत नव्हतं. मग लोकच त्याच्याकडे आले. शेताच्या मागून रेल्वे जात होती. गाड्या तिथेच थांबायच्या, माणसं उतरून शेतातल्या वाटेने घराकडे चालत यायची आणि तो ओसरीवरून बोलायचा. त्या उन्हाळ्यात आणि शरदात हजारो लोक असे येऊन गेले. क्लीव्हलंडचे जर्मन लोक आले तेव्हा तो त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलला. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी काढलेल्या फिस्क विद्यापीठाचं ज्युबिली गायकवृंद आलं आणि त्यांनी याच घरात गाणी म्हटली. आणि या सगळ्यांचं चहापाणी? लुक्रीशिया, ऐंशीला टेकलेली सासू आणि घरातली बाकी माणसं. वार्ताहर अंगणात तळ ठोकून असायचे. त्यांनीच या घराचं नाव लॉनफील्ड पाडलं. मागच्या छोट्या कचेरीत तारयंत्र बसवलं होतं. २ नोव्हेंबरच्या रात्री निकाल तिथे आले. ती कचेरी आजही उभी आहे. मार्गदर्शक घराविषयी बोलत असतील तेव्हा ती नजरेतून सुटते, म्हणून लक्षात ठेवून बघा.

आतल्या खोल्यांपैकी जेवणघर मला घरासारखं वाटलं. तिथल्या शेकोटीभोवतीच्या टाइल्स घरातल्याच माणसांनी रंगवलेल्या आहेत. कारागिराच्या हाताची सफाई नाही, आणि म्हणूनच त्या एकेक करून बघाव्याशा वाटतात. गारफील्डची वाचायची खुर्ची बघा. खुर्चीच्या हातावरून पाय टाकून आडवं बसून वाचायची त्याला सवय होती, म्हणून ती त्या बेताने एका बाजूला उतरती करून घेतलेली. सहा फुटांचा धिप्पाड माणूस, मांडीवर पुस्तक, एक पाय लोंबकळतोय, भोवती पाच मुलं. अध्यक्षपदाच्या कुठल्याही तसबिरीपेक्षा या खुर्चीने तो मला जास्त जवळचा वाटला.

गणिताचं इथेच सांगून टाकते, कारण आपल्याकडच्या शिक्षकांना आवडेल. १ एप्रिल १८७६ च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ एज्युकेशन या शिक्षकांच्या नियतकालिकात ही सिद्धता छापून आली. काँग्रेसच्या सदस्यांबरोबर गणितं घालण्याच्या गमतीत ती सुचली. काटकोन त्रिकोण घ्या, काटकोन करणाऱ्या बाजू अ आणि ब, कर्ण क. अगदी तसाच दुसरा त्रिकोण शेजारी असा ठेवा, की पहिल्याची अ आणि दुसऱ्याची ब एका सरळ रेषेत येतील. वरची टोकं जोडा. समलंब चौकोन झाला. समांतर बाजू अ आणि ब, उंची अ + ब, म्हणून क्षेत्रफळ (अ + ब) च्या वर्गाच्या निम्मं. आता तेच क्षेत्रफळ आतल्या तीन त्रिकोणांनी मोजा. दोन त्रिकोण अब च्या निम्म्याचे, आणि मधला काटकोन त्रिकोण क वर्गाच्या निम्म्याचा. दोन्ही सारखे मांडा, दोन्हीकडचं २अब जातं आणि अ वर्ग अधिक ब वर्ग बरोबर क वर्ग उरतं. नववीतल्या मुलाला पाच मिनिटांत समजतं. सबंध सिद्धतेत एक रेघसुद्धा जास्तीची नाही. नातवंडांना घेऊन जाणार असाल तर आदल्या रात्री ही त्यांच्याकडून करून घ्या. ज्युनियर रेंजरची वही तिथे मिळते. मुलं ती भरतात आणि बिल्ला घेतात. पण ही सिद्धता येत असलेलं मूल त्या खुर्चीकडे वेगळ्या डोळ्यांनी बघतं.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले, ते ग्रंथालय. गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा हॅरी आणि जेम्स बापाबरोबर स्टेशनवर होते. धाकटे दोघं ओहायोच्या वाटेवर होते. लुक्रीशिया मलेरियाच्या मोठ्या दुखण्यातून नुकतीच उठून न्यू जर्सीच्या समुद्रकाठी हवापालटाला गेली होती, ती तशीच निघून आली. गोळीने मर्मावर घाव घातला नव्हता. डॉक्टरांनी न धुतलेल्या बोटांनी आणि हत्यारांनी जखम पुन्हा पुन्हा चाचपली, त्यात पू झाला आणि ७९ दिवस माणूस झिजत गेला. ती एकोणपन्नास वर्षांची, पदरात पाच मुलं, थोरला सतरा वर्षांचा, धाकटा आठ वर्षांचा. वर म्हातारी सासू, जिला नवऱ्यानंतर मुलाचंही मरण बघावं लागलं. सायरस फील्ड या उद्योगपतीने वर्गणी सुरू केली आणि लोकांनी साडेतीन लाख डॉलरांहून जास्त रक्कम जमवली. काँग्रेसने वर्षाला पाच हजार डॉलर पेन्शन दिलं.

या पैशांचं तिने काय केलं, ते घरात दिसतं. मुलांची शिक्षणं केली, शेत राखलं, आणि १८८५-८६ मध्ये घराला जोडून नवऱ्याच्या पुस्तकांसाठी ग्रंथालय बांधलं. शेजारी आगीपासून सुरक्षित अशी दगडी कोठडी केली आणि त्याचे सगळे कागद, पत्रं, डायऱ्या तिच्यात ठेवल्या. अमेरिकेत आता प्रत्येक अध्यक्षाचं ग्रंथालय असतं. त्या प्रथेची सुरुवात मेंटॉरच्या या खोलीतून, एका विधवा शिक्षिकेने केली. ना सरकारने सांगितलं होतं, ना कुणी मागितलं होतं. कोठडीत व्हिक्टोरिया राणीने अंत्यदर्शनाला पाठवलेलं पुष्पचक्र मेणात बुडवून टिकवलेलं आहे. सगळ्यांचे फोन त्याच्याकडे वळतात. मला मात्र ती कोठडीच जास्त मोलाची वाटते. आपल्या संसारातली चांगलीवाईट दोन्ही पत्रं तिने राखली. तिच्या मनाचा सल ज्यांत आहे तीसुद्धा. जाळून टाकणं सोपं होतं. आज आपल्याला त्या वीस आठवड्यांबद्दल कळतं ते तिने पत्रं ठेवली म्हणूनच. आपल्याकडे कितीतरी फौजी घरांतल्या ट्रंका आवराआवरीत बोहारणीकडे किंवा बंबात गेल्या. माझ्या आईने वडिलांची पत्रं सुताच्या दोऱ्यात बांधून ठेवली होती म्हणून माझ्याकडे आहेत. अशी पत्रं तुमच्याकडे असतील तर या घरातून परतल्यावर ती आधी कोरड्या जागी हलवा.

कागद लावण्याच्या कामात गारफील्डचा तरुण सचिव जोसेफ स्टॅन्ली-ब्राऊन मदतीला होता. मॉलीचा जीव त्याच्यावर जडला. जून १८८८ मध्ये त्या दोघांचं आणि हॅरी व बेल मेसन यांचं लग्न एकाच दिवशी, एकाच मांडवात झालं. मांडव म्हणजे हेच ग्रंथालय. ज्या खोलीकडे आपण स्मारक म्हणून बघतो, तिथे तिने सात वर्षांच्या आत वरातीचा गलका होऊ दिला, याचं मला फार कौतुक वाटतं. एलायझा त्याच वर्षी जानेवारीत गेली होती. तिला नातीचं लग्न बघायला मिळालं नाही.

मुलं नावारूपाला आली. हॅरी विल्यम्स कॉलेजचा अध्यक्ष झाला आणि पहिल्या महायुद्धात देशाच्या इंधनाचा कारभार त्याच्याकडे होता. जेम्स थिओडोर रूझवेल्टच्या मंत्रिमंडळात गेला. एब्रम वास्तुविशारद, अर्व्हिन वकील. लुक्रीशिया नवऱ्यामागे छत्तीस वर्षं जगली, पत्रं लिहायला शेवटपर्यंत काळ्या काठाचा कागद वापरला आणि मार्च १९१८ मध्ये कॅलिफोर्नियात गेली. मुलांनी १९३६ मध्ये घर इतिहास संस्थेकडे सोपवलं, आणि १९८० पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

गुडघ्यांचं दुखणं असणाऱ्यांसाठी: घर जुनं आहे आणि वरच्या खोल्या जिन्याने बघायच्या. काय जमेल, काय नाही, ते स्वागत केंद्रात आधीच विचारून घ्या. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी संकेतस्थळ बघा. हवा चांगली असेल तेव्हाच जा, कारण अंगण, पवनचक्कीचा मनोरा आणि मागची ती रेल्वेकडची बाजू चालत बघण्यासारखी आहे. जेवण घरून न्यायला हरकत नाही, आजूबाजूला गाव मोठं आहे, उपाशी राहणार नाही.

परतताना क्लीव्हलंडमधल्या लेक व्ह्यू दफनभूमीत गारफील्डचं स्मारक आहे. १८९० मध्ये उघडलं, १८० फूट उंच, आत त्याचा पांढरा पुतळा आणि तळघरात दोघांच्या शवपेट्या शेजारी शेजारी. मॉली आणि तिच्या नवऱ्याच्या अस्थीही तिथेच आहेत. बरेच जण आधी हे बघून मग मेंटॉरला जातात. तसं करू नका. घर आधी बघा, म्हणजे खाली कोण कोण आहे ते ओळखीचं वाटेल. हिवाळ्यात स्मारक बंद असतं. बाकी दिवसांत गाडी दारापर्यंत जाते. त्याच दफनभूमीत रॉकफेलरचीही कबर आहे, वेळ कमी असेल तर ती सोडा.